बिनतारी जाळे : कुलूप, आवाज आणि पत्ते



बिनतारी हा शब्द आपल्याला नवा नाही. पूर्वी बिनतारी म्हटले की पोलीस ठाण्यातला संदेश आठवे, नाही तर ग्रामपंचायतीच्या ओट्यावरचा रेडिओ. आज बिनतारी म्हणजे वायफाय. सेनगाव तालुक्यात गोरेगाव घ्या, आजेगाव घ्या, पानकनेरगाव घ्या. शाळेच्या कार्यालयात, सेवा केंद्रात, नाही तर कुणाच्या ओसरीवर भिंतीला लावलेली एक लहानशी पेटी आढळते. तिला दोन-तीन दांड्या असतात आणि पुढे दिवे लुकलुकत असतात. हिचे खरे नाव ॲक्सेस पॉइंट, म्हणजे जाळ्यात शिरण्याची जागा. आपल्याकडे तिला सरसकट राऊटर म्हणतात. बहुतेक पेट्यांत दोन्ही कामे एकत्रच असतात, म्हणून आजच्यापुरते आपण तिला नुसती पेटी म्हणू.

पेटी बसवणारा माणूस येतो, तार जोडतो, पासवर्ड कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देतो आणि मोटारसायकलला किक मारून निघून जातो. त्यानंतर वर्ष-दोन वर्षे पेटीला कुणी हात लावीत नाही. इकडे गुरुजींना शालार्थ प्रणालीत वेतनाची माहिती भरावयाची असते, यू-डायसचे रकाने पुरे करावयाचे असतात, आणि पडद्यावर चक्र नुसते फिरत राहते. मग दोष कुणाचा? कंपनीचा, तारेचा, नाही तर नशिबाचा. त्या तिघांचाही दोष कधी कधी असतो, नाही असे नाही. पण पुष्कळ वेळा अडचण त्या पेटीतल्या एका पानावर असते. त्या पानाला ॲडव्हान्स्ड सेटिंग असे भारदस्त नाव दिलेले आहे, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. आज त्या पानाची ओळख करून घेऊ.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही. पेटी कारखान्यातून निघते तेव्हा ती कुठे बसणार हे कारखानदाराला ठाऊक नसते. मुंबईतल्या दहाव्या मजल्यावर बसेल, की सेनगावच्या पत्र्याच्या खोलीत? म्हणून तो सगळ्यांना जेमतेम चालेल अशी जुळणी करून देतो. बाजारातून आणलेल्या तयार सदऱ्यासारखेच हे आहे. अंगाला बसवून घेण्याचे काम आपले असते. आणि यात शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो, तो कसा ते पुढे येईल.

या पानावर पुष्कळ रकाने असले तरी त्यांचे तीन गट पडतात. कुलूप, आवाज आणि पत्ते.

आधी कुलूप. पेटीला एक नव्हे, दोन कुलपे असतात. एक पासवर्ड वायफायचा. तो सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा पासवर्ड पेटीच्या कारभाराचा, म्हणजे ज्याने ते सेटिंगचे पान उघडते त्याचा. पेटी उलटी करून पाहा. खालच्या चिठ्ठीवर एक अंकी पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. पेटीच्या जाळ्याला जोडलेल्या संगणकावर हा पत्ता टाकला की पान उघडते आणि नाव व पासवर्ड विचारते. जुन्या पेट्यांत तोही चिठ्ठीवरच छापलेला असतो. कित्येकदा नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. म्हणजे वाड्याला कुलूप लावले आणि किल्ली दारावरच टांगली!

यात धोका काय, असे कुणी विचारील. २०१६ साली मिराई नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. त्याची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून येणारी नावे आणि पासवर्ड यांच्या साठएक जोड्यांची यादी त्याच्यापाशी होती. इंटरनेटवर दिसणाऱ्या कॅमेऱ्यांना आणि राऊटरांना तो एकेक जोडी लावून पाही. लाखो यंत्रे त्याच्या हाती लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या यंत्रांचा मारा करून अमेरिकेतली कितीतरी मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडण्यात आली. ज्यांच्या घरी ती यंत्रे होती त्यांना पत्ताही नव्हता. तेव्हा पहिले काम हे, की कारभाराचा पासवर्ड बदलावा. त्याच पानावर रिमोट मॅनेजमेंट असा रकाना असेल, म्हणजे बाहेरगावाहून पेटीचा कारभार पाहण्याची सोय. ती बंद ठेवावी.

आता वायफायचे कुलूप. इथे सुरक्षेचा प्रकार निवडावयाचा असतो. डब्ल्यूईपी हा प्रकार सर्वांत जुना. तो फोडता येतो हे २००१ सालीच सिद्ध झाले आहे. तो कधीही घेऊ नये. डब्ल्यूपीए-२ हा २००४ पासूनचा, आणि डब्ल्यूपीए-३ हा २०१८ पासूनचा. पेटीत दोन्ही मिळून असा पर्याय असेल तर तो घ्यावा, म्हणजे जुने फोनही चालतात.

पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो, पण आठावर थांबू नये. आपल्याकडे मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवण्याची खोड आहे. दहा अंकांच्या सगळ्या जुळण्या तपासणे हे चांगल्या यंत्राला काही तासांचे काम असते. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. हळद, कुलूप, चोवीस, चिमणी असे काहीही. फक्त मी सांगितलेलेच घेऊ नका. पाठ करायला सोपे आणि फोडायला अवघड.

आणखी एक रकाना डब्ल्यूपीएस नावाचा. पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आठ अंकी आकडा देऊन फोन जोडण्याची ही सोय. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता, मग भीती कसली? गंमत अशी की पेटी तो आकडा दोन तुकड्यांत तपासते. पहिले चार अंक बरोबर की चूक हे ती आधीच सांगून टाकते. त्याच्या दहा हजार शक्यता. उरलेल्या चारांतला शेवटचा अंक आधीच्या सातांवरून हिशेबाने निघतो, म्हणजे तिथे फक्त एक हजार. बेरीज झाली अकरा हजार. दहा कोटींचे अकरा हजार झाले! ही चूक २०११ च्या डिसेंबरात उजेडात आली. पुढच्या पुष्कळ पेट्यांत तिच्यावर उपाय केलेला आहे, तरीही डब्ल्यूपीएस बंद ठेवणेच बरे. गणिताच्या गुरुजींनी हा हिशेब वर्गात जरूर घालावा. गुणाकार आणि बेरीज यांतला फरक मुलांच्या कायमचा लक्षात राहील.

आता उलट बाजू. काही लोक जाळ्याचे नाव लपवून ठेवतात आणि निर्धास्त होतात. त्याचा उपयोग नाही. नाव लपवले तरी फोन आणि पेटी एकमेकांशी बोलतात तेव्हा ते हवेत जातेच. तसेच, ठरावीक फोनांनाच प्रवेश देणारी मॅक यादी. अलीकडचे फोन, म्हणजे साधारणपणे २०१९-२० नंतरचे, आपला मॅक पत्ता बदलून दाखवतात. त्यामुळे चोर अडत नाही, आणि घरचा माणूस मात्र बाहेर राहतो.

हे सगळे कशासाठी, असे वाटेल. एक घडलेली गोष्ट सांगतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे एक ई-मेल आली होती. तपास करणारे अधिकारी तिचा माग काढीत नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोहोचले. तिथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थांचा या कटाशी काही संबंध नव्हता. त्यांच्या घरच्या वायफायचा वापर दुसऱ्याच कुणी करून घेतला होता. पण चौकशीला तोंड त्यांना द्यावे लागले. पुढे २००९ साली दूरसंचार खात्याने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. सांगायचं एवढंच, की आपल्या पेटीतून जे बाहेर जातं त्यावर आपल्या दाराचा शिक्का असतो.

मग पाहुण्याला वायफाय द्यायचेच नाही की काय? तसे नव्हे. पाहुण्याला आपण ओसरीवर बसवतो, माजघरात नेत नाही. पेटीतही ओसरी असते. तिचे नाव गेस्ट नेटवर्क. तिचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. तिथल्या माणसाला इंटरनेट मिळते, पण कार्यालयातला संगणक आणि प्रिंटर दिसत नाही. सोबत क्लायंट आयसोलेशन असा पर्याय असेल तर तोही चालू करावा, म्हणजे पाहुण्यांचे फोनही एकमेकांत डोकावणार नाहीत. ज्या दुकानदाराला साऱ्या गावासाठीच वायफाय द्यावयाचे असेल, त्याने पासवर्ड वाटत बसू नये. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली पीएम-वाणी ही योजना त्यासाठीच आहे. तीत दुकानदाराला परवाना लागत नाही, आणि वापरणाऱ्याची ओळख त्याच्या मोबाइलवर येणाऱ्या आकड्याने पटवली जाते.

दुसरा गट आवाजाचा. हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि रेडिओ ऐकणाऱ्यांना सर्वांत लवकर समजणारा.

आकाशवाणीच्या प्रत्येक केंद्राला लहरींतली एक जागा नेमून दिलेली असते. म्हणून एक केंद्र दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. वायफायला असे कुणी नेमून देत नाही. २००५ साली केंद्र सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा वायफायसारख्या कामांना विनापरवाना खुला केला, आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग घराबाहेर वापरायलाही मोकळा केला. म्हणजे हे झाले गायरान. मालकी कुणा एकाची नाही, चरायला सगळ्यांना मुभा. आणि गायरानाचे जे होते ते आपणांस ठाऊक आहे. शेजारधर्म पाळला तर ते सगळ्यांना पुरते, नाही पाळला तर कुणालाच पुरत नाही.

त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत. पण तेरा पेट्या सुखाने नांदतील असे समजू नका. कल्पना करा, रस्त्यावर आडव्या ओळीत दर पाच हातांवर एक खुंटी ठोकली आहे, आणि प्रत्येक गाडी वीस हात रुंद आहे. पहिल्या खुंटीवर एक आणि दुसऱ्या खुंटीवर दुसरी गाडी उभी केली तर चाकात चाक अडकेल. मोकळ्या उभ्या राहतील अशा जागा तीनच : १, ६ आणि ११.

यातही एक मर्म आहे. शेजारी ६ वर असेल तर आपण ७ घ्यावे असे सहज वाटते. ते चुकीचे. वायफायची यंत्रे बोलण्याआधी ऐकतात. दोन पेट्या एकाच चॅनेलवर असतील तर त्यांना एकमेकींचे बोलणे कळते आणि त्या पाळीपाळीने बोलतात, शिस्तीच्या ग्रामसभेसारख्या. पण ६ आणि ७ असे अर्धवट एकमेकींवर आल्या तर एकीचे बोलणे दुसरीला नुसता कोलाहल वाटतो. तेव्हा १, ६, ११ यांतला मोकळा घ्यावा. मोकळा नसेल तर शेजाऱ्याचाच घ्यावा, पण मधला घेऊ नये. आसपास कोण कुठल्या चॅनेलवर आहे हे दाखवणारी ॲप फोनवर फुकट मिळतात.

पेटीलाच चॅनेल निवडू द्यावे काय? ऑटो असा पर्याय असतो खरा. पण कित्येक पेट्या चालू होतानाच एकदा निवड करतात. आपल्याकडे वीज जाते आणि येते तेव्हा गल्लीतल्या सगळ्या पेट्या एकदम जाग्या होतात. प्रत्येकीला हवा मोकळी वाटते आणि सगळ्या एकाच चॅनेलवर येऊन बसू शकतात. म्हणून सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहणी करून चॅनेल आपण ठरवावा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल विड्थ, म्हणजे गाडीची रुंदी, २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केली तर एकट्या आपल्या गाडीने जवळजवळ अर्धा रस्ता अडतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस आहे. तिथे ४० किंवा ८० चालते. मात्र तो पट्टा भिंतीपलीकडे लवकर मंदावतो. म्हणून त्याच खोलीतल्या संगणकांना ५, आणि भिंतीपलीकडच्यांना २.४, असा विभाग करावा.

आता ट्रान्समिट पॉवर, म्हणजे आवाजाची पट्टी. सगळ्यांचा कल पट्टी पूर्ण वर चढवण्याकडे. पण इथे रेडिओ आणि वायफाय यांत फरक आहे. रेडिओ केंद्र बोलते आणि तुम्ही ऐकता, उत्तर देत नाही. वायफायमध्ये फोनला दर क्षणी उत्तर द्यावे लागते, मजकूर पोहोचल्याची पोच द्यावी लागते. पेटी शंभर मिलीवॅटने ओरडली तरी फोनचा आवाज बहुधा तिच्यापेक्षा दुबळाच असतो. मग काय होते? लांबच्या माणसाच्या फोनवर रेघा दिसतात, पण काम होत नाही. बांधावरून हाक ऐकू येते, पण आपली ओ पलीकडे पोहोचत नाही, तशातला प्रकार. शिवाय आपला आरडाओरडा शेजारच्या पेट्यांना मुकाट्याने थांबायला लावतो.

हा आकडा डीबीएममध्ये असतो. २० म्हणजे शंभर मिलीवॅट, १७ म्हणजे पन्नास, १४ म्हणजे पंचवीस. दर तीन अंकांनी शक्ती निम्मी होते. लहान कार्यालयाला १४ ते १७ बहुधा पुरते. शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी करावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. ती जागा निवडताना जमीन किती शांत आहे हे मुद्दाम पाहिले गेले. ज्याला बारीक आवाज ऐकावयाचा आहे त्याला शांतता लागते. आपल्या पेटीचेही तेच आहे.

पोहोच कमी पडत असेल तर आधी जागा बदलून पाहावी. या लहरी बोटभर लांबीच्या. ५ गिगाहर्ट्झची सुमारे साडेपाच सेंटिमीटर, २.४ची सुमारे बारा. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, पाण्याची टाकी यांनी त्या अडतात. पेटी कपाटावर ठेवण्याची आपली पद्धत म्हणूनच वाईट. ती माणसाच्या डोक्याहून थोडी उंच, मोकळ्या भिंतीवर, मध्यभागी असावी.

समजा, शाळेच्या दोन इमारती आहेत आणि दुसरीवर पत्रे आहेत. तिथे आवाज वाढवून भागणार नाही. दुसरी पेटी तारेने जोडून त्या इमारतीत बसवावी आणि दोघींना वेगवेगळे चॅनेल द्यावेत, एकीला १ तर दुसरीला ११. तार न नेता मध्ये रिपीटर लावणे सोपे वाटते, पण साधा रिपीटर प्रत्येक शब्द ऐकून पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्म्याच्या आसपास येतो.

आवाजाच्या गटातला शेवटचा रकाना मोडचा. त्यात बी, जी, एन अशी अक्षरे असतात. बी हा १९९९ सालचा जुना, संथ प्रकार. हवेत एका वेळी एकानेच बोलायचे असल्यामुळे एक संथ बोलणारा सगळ्यांचा वेळ खातो. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने पंधराशे बाइटांचा मजकूर सांगायला बारा सहस्रांश सेकंद लागतात. ५४ मेगाबिटला पाव सहस्रांशही लागत नाही. म्हणून बी वगळून जी आणि एन ठेवावेत. एखादा जुना प्रिंटर त्यामुळे बंद पडला तर पूर्ववत करावे.

तिसरा गट पत्त्यांचा. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक फोनला पेटी एक अंकी पत्ता देते. या कामाला डीएचसीपी म्हणतात. धर्मशाळेत ठरावीक खोल्या असतात, तसे पत्तेही ठरावीक, समजा शंभर. आलेल्याला खोली किती वेळ द्यायची, याला लीज टाइम म्हणतात. तो पुष्कळदा चोवीस तासांचा असतो. घरी ते ठीक. पण आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीत दीडशे माणसे येऊन गेली, तर सकाळी पाच मिनिटे थांबून गेलेल्याची खोलीही उद्यापर्यंत अडून राहते, आणि दुपारी येणाऱ्याला पासवर्ड बरोबर असूनही जागा मिळत नाही. तिथे लीज एक तासाची करावी. प्रिंटरला मात्र कायमचा पत्ता राखून ठेवावा, म्हणजे तो रोज शोधावा लागत नाही.

आणि दुसरी पेटी जोडताना तिच्यातली डीएचसीपी बंद करावी, किंवा तिला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकावे. एकाच गावात दोन तलाठी आपापल्या वहीतून गट नंबर वाटू लागले तर जो गोंधळ होईल, तोच दोन पेट्या पत्ते वाटू लागल्या की होतो.

आता हे करावयाचे कसे, याची शिस्त. एक वही घालावी. सुरुवातीला आहे ती सगळी जुळणी तारखेनिशी उतरून घ्यावी. पेटीत बॅकअपची सोय असते. तिची फाइलही जपून ठेवावी. मग एका दिवशी एकच गोष्ट बदलावी, दोन दिवस पाहावे आणि फरक लिहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारले आणि कशाने बिघडले हे कधीच कळत नाही. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना प्रयोगवही लिहायला सांगतो, तीच ही पद्धत. आठवी-नववीच्या मुलांना चॅनेलची पाहणी करायला द्यावी, आलेख काढायला लावावा. पासवर्ड तेवढा देऊ नये, बरं का!

पेटीचे फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला प्रोग्राम, कंपनी अधूनमधून सुधारून देते. तो घ्यावा, पण कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. काम चालू असता वीज गेली तर पेटी निकामी होऊ शकते. म्हणून इन्व्हर्टरवर असतानाच हे करावे. मागे टाचणीने दाबायचे रीसेटचे एक बारीक छिद्र असते. ते काही सेकंद दाबले की आपण केलेली सगळी जुळणी पुसून पेटी पुन्हा कारखान्याची होते. मुलांचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर पेटी असावी, याचे हेही एक कारण.

इंटरनेटची तार गावोगाव नेण्यासाठी मोठा पैसा खर्च होतो आहे. २०११ साली मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट या नावाने चाललेली योजना ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत काचतंतू आणते. पण दारापासून टेबलापर्यंतचे शेवटचे वीस-पंचवीस हात हवेचे असतात, आणि त्यांचा कारभार कोणतीही योजना पाहत नाही. तो गावातल्याच कुणी तरी पाहिला पाहिजे. विहिरीला रहाट असतो, पण त्याचा दोर कुणी बदलायचा हे ठरलेले नसेल तर भर उन्हाळ्यात पोहरा विहिरीत पडतो. तसे शाळेत एक गुरुजी, पंचायतीत एक सेवक यांच्याकडे हे काम नेमून द्यावे, आणि बदली झाली की वही पुढच्याच्या हाती सोपवावी.

अर्ध्या तासाचे काम आहे. आज संध्याकाळी निदान एवढे करा : पेटी उलटी करून चिठ्ठी वाचा, पान उघडा आणि कारभाराचा पासवर्ड बदला. मग शेजाऱ्याला विचारा, "भाऊ, तुमची पेटी कोणत्या चॅनेलवर आहे?" तो ६ म्हणाला तर आपण १ किंवा ११ घ्यावा. दोघांचेही काम सुधारेल.